इरप्पाचं बसणं

इरप्पा कुणाच्या दारावर थाप मारत नसे, हाकही मारत नसे. हातगाडी गल्लीच्या कडेला लावायची, चाकाखाली दगड सारायचा, चपला काढायच्या आणि पायरीवर बसायचं, एवढंच. घरातल्या कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत बसायचा, आणि लक्ष गेल्यावरही बसायचा. "का रे इरप्पा?" असं विचारलं की म्हणायचा, "काय न्हाय. बसलोय की." हे ऐकून निश्चिंत होणारा माणूस नवखा तरी असायचा नाहीतर बावळट तरी. पहिल्या वेळी मीही निश्चिंत होऊन आत जेवायला गेलो होतो.

तो मूळचा वळसंगचा, लिंगायत. घरची भाषा कानडी, आमच्याशी मराठी, आणि तेलुगू विणकरांशी या दोन्हींची मिळून जी काही होईल ती. रंगाऱ्याकडून सुताची बंडलं गाडीवर घालून मागांच्या शेडमध्ये पोचवायची, हे त्याचं काम. सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ठळक असत. सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत घामानं धुऊन जात. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. राहायला एक खोली होती, पण तिच्यात तो फक्त झोपायला जायचा.

त्याचा दोस्त म्हणजे नरसय्या. हा तेलुगू विणकर, एका लहान कारखान्यात हातमागावर चादरी विणायचा. शेडबाहेर लिंबाचं झाड होतं. रोज दुपारी इरप्पाची गाडी त्या सावलीत लागायची आणि दोघं कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर मोडून खायचे. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, म्हणून फारसं बोलत नसत. दोस्ती इतकी वर्षं टिकली त्याचं कारण तेच असावं, असं माझी बायको म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नरसय्या दुपारी मागावरून उठला, पाय धुवायला मोरीपाशी वाकला आणि तिथंच गेला. ना ताप, ना खोकला. इरप्पा झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून त्याची वाट बघत बसला होता.

मागे त्याची बायको राजव्वा आणि दोन लहान मुली. माग मालकाचा होता आणि शेडमागची खोलीही मालकाची. जो मागावर, तोच खोलीत, असा तिथला रिवाज. राजव्वा कांड्या भरायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. आमच्याकडे बायकांनी कांड्या भरायच्या आणि पुरुषांनी विणायचं. उलटं कुणी पाहिलेलं नव्हतं. मालक वाईट नव्हता. दिवसकार्य झाल्यावर त्यानं सरळ सांगितलं की माग मोकळा ठेवणं त्याला परवडणार नाही, दुसरा विणकर आला की खोली सोडावी लागेल. जायचं कुठं, तर आंध्रातल्या भावाकडे, आणि त्याचं स्वतःचंच भागत नव्हतं.

जे करायचं ते आम्ही सगळ्यांनी केलं होतं. खांदा दिला, घरोघरून जेवण पाठवलं, बायका राजव्वाजवळ बसून रडल्या. मग आपापल्या कामाला लागलो. इरप्पा मात्र, मालकानं खोलीचं सांगितलं त्या संध्याकाळी, माझ्या पायरीवर येऊन बसला. मी जेवून हात धुवायला बाहेर आलो तरी तो तिथंच.

"ज्ञानबा," तो म्हणाला, "नरसय्याचा माग गप हाय. सांजचं दोन तास बस की त्याच्यावर."

मी त्या वेळी दुसऱ्या एका कारखान्यात यंत्रमागावर होतो. सकाळपासून उभा राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, कानात अजून खडखडाट चालू होता. ते सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावून पूर्ण ऐकून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "मी बी लई दमलोय. म्हनून तर बसलोय."

मी सदरा अंगात अडकवला आणि निघालो.

असं करून त्यानं पाच-सहा जण गोळा केले. त्यात रशीदभाई होते, आमच्यातला सगळ्यात तरबेज विणकर आणि सगळ्यात तोंडाळ. ज्याची त्याची पाळी सुटली की त्यानं नरसय्याच्या मागावर बसायचं, म्हणजे माग चालू राहील आणि मजुरी राजव्वाला मिळेल. प्रत्येकाचा हात वेगळा. रशीदभाईंचा ठोका जड, माझा हलका. एकच चादर एका जागी फळीसारखी घट्ट आणि वीतभर पुढं सैल. मालकानं दोन चादरी बाजूला काढल्या आणि हे चालणार नाही म्हणून निरोप दिला. तेव्हा इरप्पा मालकाच्या पायरीवर जाऊन बसला. मालकानं चहा पाठवला, तो त्यानं घेतला नाही. येणारेजाणारे विचारू लागले. अखेर मालकच बाहेर आला आणि दिवाळीपर्यंत बघू म्हणाला. इरप्पानं मग गार झालेला चहा मागून घेतला आणि पिऊन टाकला.

आमची सगळ्यांची समजूत होती की हे महिनाभराचं काम आहे. इरप्पाची तशी समजूत नव्हती. तो म्हणायचा, "चढाला गाडी ढकलाया धा जन येतात. सपाटीला एकट्याचीच आसती. आन सपाटीच लांब आसती की."

सपाटी खरंच लांब निघाली. पावसाळा आला तसे आम्ही एकेक करून गळू लागलो. कुणाचं पोर आजारी, कुणाच्या गावाकडं पेरणी. माझी आई मोडनिंबला एकटी, तिच्यासाठी मला जावं लागे. ही कारणं खोटी नव्हती, पण कारण सापडलं की हायसं वाटायचं. चांगुलपणाचाही कंटाळा येतो, आम्हाला आला. इरप्पाची गाडी वळणावर दिसली की माझी बायको म्हणायची, "आला तुमचा मुकादम." रशीदभाईंची पाठ धरली होती. एके संध्याकाळी ते कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "थक गया मैं, इरप्पा. आज नक्को." इरप्पा थोडा वेळ तसाच त्यांच्या पायरीवर बसला. मग उठला, आणि निघताना त्यांची पाठ दाबून देऊन गेला.

त्या संध्याकाळी तो चार दारांत बसला आणि एकटाच परत आला. पुढचं मला राजव्वानंच सांगितलं. तो शेडमध्ये शिरला, टोपी काढली आणि स्वतःच मागावर बसला. जन्मभर सूत वाहिलं होतं, पण एक धागा कधी विणला नव्हता. मालकाच्या कानावर निदान मागाचा आवाज तरी जावा, असा त्याचा हिशेब. पायाखालची भलतीच पावडी दाबली, धोटा अर्ध्यात अडकला आणि यानं वरून फणीचा ठोका घातला. ताण्याचे उभे धागे तटातट तुटले. राजव्वा कोपऱ्यात कांड्या भरत होती. नवरा गेल्यापासून तिनं मागाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. ती उठून आली.

"उठा, अन्ना," ती म्हणाली. "माझ्या घरधन्याचा माग हाय हा. मोडताय तुमी."

तो उठला आणि ती बसली. लग्न झाल्यापासून रोज नवऱ्याचे मागावरचे हातपाय बघत आलेली बाई. त्या संध्याकाळी तिनं बोटभरच विणलं, तेही वेडंवाकडं, पण विणलं. तुटलेले धागे जोडायला दुसऱ्या दिवशी मी आणि रशीदभाई गेलो. जोडता जोडता रशीदभाईंनी इरप्पाचा दोन भाषांत उद्धार केला. त्यानंतर आमच्या पाळ्या वेगळ्या झाल्या. आम्ही विणायचं नाही, तिच्या शेजारी उभं राहून शिकवायचं. त्यात अंग मोडत नव्हतं, म्हणून सगळे परत येऊ लागले. दिवाळीला मालकानं चादर उलटीसुलटी करून पाहिली, किनार ओढून पाहिली आणि पुढच्या चादरीचं सूत दिलं. खोली राहिली.

मी नंतर इरप्पाला विचारलं की ते सगळं मुद्दाम केलं होतंस ना. तो ओशाळून हसला. "न्हाय रे बाबा. मला वाटलं, जमंल."

चार-पाच वर्षांनी, अशाच कडक उन्हाळ्यात, तो झोपेतच गेला. वळसंगहून भाऊ आला होता. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात, आणि बसलेलाच नेतात. इरप्पाला त्याच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे दुपार झाली तरी ठळक होते. हातगाडी समोर उभी होती आणि चाकाखाली दगड होता. मला रडू आलं ते त्या दगडाकडे बघून.

बोलवायला कुणी कुणाकडे गेलं नव्हतं, तरी ज्यांच्या ज्यांच्या पायरीवर तो बसला होता ते सगळे आले. मालकही आला. जागा मिळेल तिथं आम्ही त्याच्यासमोर खाली बसलो. रशीदभाई पाठीला हात लावत भिंतीकडेला टेकले. राजव्वा शेवटी आली. तिनं स्वतः विणलेली चादर उलगडली, त्याच्या मांडीवर घातली आणि कडेनं नीट दडपली.

"बसा, अन्ना," ती म्हणाली. "आता निवांत बसा."

थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, ऊन उतरतंय, चला, उठा आता. आम्ही एवढे सगळे होतो, पण कुणी उठेना.