न फुटलेली वाक्यं

अंधेरीच्या एमआयडीसीत एका ऑफिसात मी वाक्यं फोडायचं काम करते. फोडतं सॉफ्टवेअर; मी त्याच्या मागून उष्टं काढते. पेशंटने दवाखान्याला पाठवलेला मेसेज ते वाचतं, त्यातली तक्रार शोधतं आणि डॉक्टरकडे धाडतं. दोन सेकंदांत जे वाक्य फुटत नाही, ते ‘उरलेलं’ या खान्यात पडतं. ते माणसाने वाचायचं असं ठरलं होतं. माणूस म्हणजे मी एकटी.

उरलेलं वाढतच गेलं. आमची माणसं दुखणं थेट सांगतील तर शपथ. आधी नमस्कार, मग शेजारपाजार, मग जेवण, आणि दुखणं जाता जाता, पूर्णविराम न देता. वाचून वाचून मला वैताग यायचा. माझ्याहून लहान टीम लीडर एकदा म्हणाला, “यार, क्लायंटला हा आकडा दिसतो ना. काहीतरी कर गं.”

मी केलं. एक नियम लिहिला: वाक्य फुटलं नाही तर ‘आपला संदेश मिळाला, धन्यवाद’ असं उत्तर जाईल आणि कोणी न वाचताच तक्रार बंद होईल. चार ओळींचं काम. उरलेलं शून्यावर आलं. तो म्हणाला, “झकास.” त्या दिवशी मी वेळेवर घरी गेले, हे आठवलं की स्वतःची किळस येते.

बाबा वाकोल्याला एकटे राहायचे. त्यांचा दवाखाना आमच्याच ग्राहकांपैकी. फोन लागत नाही म्हणून ते कुरकुरायचे, तेव्हा मीच ऐटीत सांगितलं होतं, “बाबा, मेसेज टाका. तासाभरात डॉक्टरांचा फोन येतो.” नियम मी त्यानंतर लिहिला. बाबांना कळवावं, हे डोक्यातही आलं नाही.

बाबा एका मंगळवारी दुपारी खुर्चीतच गेले. बारावं आटोपल्यावर मी त्यांचा मोबाइल उघडला. ते गेले त्याच दिवशी सकाळी नऊला त्यांनी दवाखान्याला लिहिलं होतं:

“साहेब नमस्कार तुमका त्रास देतंय माझ्या चेडवान सांगल्यान म्हणान लिवतंय काल बांगडे हाडलंय पण जेवण जाऊक नाय तसा बरा आसा छातीर कोण बसल्यासारख्या वाटता हात जड झालो पण घाय नाय तुमका येळ गावलो तर बघा”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मला यातलं दुखणं ओळखायला दोन सेकंदांहून जास्त लागले नाहीत.

खाली माझं धन्यवाद. त्याखाली बाबांनी लिहिलेलं, “बरा साहेब, वाट बघतंय.”

शेजारच्या काकू सांगत होत्या, “अकराला मी म्हटलं, रिक्षा आणते, चला. तर नको म्हणाले. पोरीने सांगितलंय, डॉक्टरांचा फोन येणार.”

तो नियम माझा होता, हे काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. भेटल्या की त्या हात हातात घेतात आणि म्हणतात, “तुझ्या शब्दावर फार विश्वास होता गं त्यांचा.”