खालची कडी

माझ्या सासूबाई, साखराबाई, लांडग्याला भीत नाहीत, पण बंद खोलीला भितात. धर्मापुरीकडच्या माळावर मेंढरांमागं त्यांचा जन्म गेला. घराला दार आहे, पण ते लावायचं असतं हे त्यांना माहेरी-सासरी कुणी शिकवलंच नसावं. रात्री स्वतः उंबऱ्यात आडव्या पडल्या की झाली कडी! नवी नवरी असताना पहाटे बाहेर जायचं तर मला त्यांना ओलांडावं लागायचं. मी जीव मुठीत धरून पाय उचलायचे, आणि खालून आवाज यायचा, "तांब्या घेतलास का?" झोपतच नसत बाई.

गेल्या वैशाखात माझ्या अभिमन्यूचा कान वाहायला लागला. दोन वर्षांचं पोर, रात्रभर रडायचं. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी परत आणा. नवरा, सोमनाथ, मेंढरांपाशी गुंतलेला. कडेवर तान्ही पोरगी, हाताला अभ्या, सोबतीला आत्याबाई, म्हणजे सासूबाईच. एवढं लटांबर घेऊन गावी जाऊन परत कुठं येणार? बसस्टँडजवळच्या लॉजवर दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली.

आत्याबाईंनी आत पाऊल टाकलं आणि नाक मुरडलं. "ह्यात माणसं राहत्यात का कोंबड्या डालून ठिवत्यात?" पंखा गरम वारं फिरवत होता. त्यांनी खिडकीची काच पार सरकवली आणि पलंग ओढून खिडकीखाली लावला. खिडकीला गज नव्हते.

"आत्याबाई, पोरगं चढंल की वर."

"मी हाय की हितं. मेंढरं राखली म्या, एक पोरगं राखायचं न्हाई व्हय?"



दिवस कलला तेव्हा अभ्या पलंगावर झोपला होता. मी पोरीला घेऊन जिन्यापाशी पाणी भरत होते. आत्याबाई दोन पावलांवर, कठड्यावर धुतलेली दुपटी वाळत घालत होत्या. मागं दार ढकलल्याचा आवाज झाला आणि खाली काहीतरी खट्ट वाजलं.

अभ्या उठला होता. दाराची खालची कडी बरोब्बर त्याच्या हाताला येणारी. ती त्यानं फरशीतल्या भोकात पाडली होती. पाडायला सोपी, पण वर ओढायला दुपारी मलाच दोन्ही हात लावावे लागले होते.

"अभ्या, कडी काढ रं राजा."

आतून खिदळल्याचा आवाज आला. मग पावलं थपथप करत लांब गेली. पलंग करकरला.

खिडकीच्या खाली सिमेंटचा रस्ता होता. मी दारावर बुक्क्या मारायला लागले, तसा आत्याबाईंनी माझा हात धरला. "वरडू नगं. भेलं तर वरच चढंल."

आणि त्या फरशीवर पालथ्या पडल्या. दाराखालच्या बोटभर फटीला तोंड लावून त्यांनी कोकराचा आवाज काढला. आईपासून चुकलेलं कोकरू ओरडतं तसा, बारीक आणि तुटका. शेजारच्या खोल्यांतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

आतून अभ्यानं उत्तर दिलं, "ब्यँ." लांबून, खिडकीपासून.

आत्याबाईंनी पुन्हा साद घातली. उत्तर पुन्हा लांबूनच. लॉजचे मॅनेजर आप्पाराव धावत वर आले आणि म्हणाले, दार फोडतो. तेवढ्यात पलंग करकरला, पावलं वाजली, आणि फटीतून अभ्याची इवली बोटं बाहेर आली.

दार आत उघडणारं. फोडलं तर त्याच्याच अंगावर, आणि बाजूला हो म्हटलं तर तो पुन्हा खिडकीकडं. आप्पारावांच्या ते लगेच ध्यानात आलं. "आज्जी, त्याला हितंच धरा. मी शिडी लावून खिडकीतून येतो," म्हणत ते खाली पळाले.

धरायचं कशानं? बोटाला हात लावला की तो बोटं आत ओढायचा. नुसता आवाज होता. आत्याबाई दम घ्यायला थांबल्या की आत पावलं हलायची. त्यांचा घसा बसत चालला तसं मीही कोकरू होऊन पाहिलं. अभ्या माझ्यावर खदखदा हसला आणि पळाला. मी तोंडात पदर कोंबला. आत्याबाईंनी कुठून जीव आणला कोण जाणे, त्यांनी त्याला परत फिरवलं.

मग एकदम उत्तर येईना. धप्प आवाज झाला. मी मेलेच.

अभ्या किंचाळला. कडी वर सरकली, दार उघडलं. आप्पाराव घामानं निथळत होते आणि त्यांच्या काखेत माझं पोर होतं.

आत्याबाई मात्र पालथ्याच. डोळे घट्ट मिटलेले, पुढं दार उरलं नव्हतं तरी त्यांचं ब्यँ ब्यँ चालूच. "आलं पोरगं, आत्याबाई," म्हटलं तरी ऐकू जाईना. शेवटी मी अभ्याला त्यांच्या पुढ्यात बसवलं. त्यानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा त्या थांबल्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "अंजू, खिडकी म्या उघडली व्हती. माज्या हातानं."

"उघडीच व्हती, आत्याबाई. आपुन आलो तवाच उघडी व्हती."

सोमनाथलाही मी तेच सांगितलं, आणि कुणीही विचारलं तरी तेच सांगेन.