तुमच्या भागात शाळा आहे ना?

नारळाच्या वड्यांचा डबा मी टेबलावर ठेवला. मृणालने तो उचलला आणि टेबलाखाली, लोकांच्या ओल्या छत्र्यांशेजारी ठेवून दिला.

"अगं, हे काय आणलंस? इथे असं चालत नाही," ती हसत म्हणाली. मराठीत. मग कॉफीचे कप घेऊन उभ्या असलेल्या बाकीच्या आईबापांकडे वळली आणि डचमध्ये म्हणाली, "भारतात मुलांना शाळेत घालायचं तर हेडमास्तरांना मिठाई द्यावी लागते." सगळे हसले. एका बाईने विचारलं, ही राहते कुठे? मृणाल म्हणाली, "नदीपलीकडच्या त्या फ्लॅट्समध्ये. तिथली माणसं जरा वेगळी असतात."

आमचं बोलणं नेहमी मराठीतच, म्हणून तिला वाटत होतं मला डच येत नाही. मला येतं. लायडनच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुता धुता शिकले. आता तिथेच नमुने तपासते. तिचा एकेक शब्द मला कळला. आणि मी काय केलं? मीही हसले. सगळ्यांबरोबर. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

हार्लेममधली ही सरकारी शाळा. त्या दिवशी नव्या पालकांना शाळा बघायला बोलावलं होतं. मृणालचा मुलगा तिथेच शिकतो आणि ती पालक मंडळात, म्हणून वर्ग दाखवायचं काम तिच्याकडे. ती मूळची पुण्याची. मीही पुण्याची. पण ती पेठेतली आणि मी नदीकाठच्या वस्तीतली, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

राहुल, माझा नवरा, ब्लेझर घालून आला होता. बाकीचे बाप रेनकोटात. त्याच्या काखेत फाइल. मितूचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आमच्या दोघांच्या डिग्र्या, पासपोर्ट साइज फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या शाळेसाठी. कोणी काही मागितलं नव्हतं. पण आपल्याकडे शाळेत असंच जातात ना! कागद घेऊन, नीट कपडे करून, आणि रिकाम्या हाताने नाही.

राहुलने मुख्याध्यापिकेपुढे फाइल धरली. तिने ती उघडलीच नाही. नाव विचारायच्या आधी पोस्टकोड विचारला. राहुलने सांगितला. बाई अगदी गोड हसली. म्हणाली, "पण तुमच्या भागात शाळा आहे ना? चांगली आहे ती."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

सहा वर्षांची होते. आईचा हात धरून पुण्यातल्या एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात उभी होते. आईच्या पिशवीत रव्याच्या लाडवांचा डबा. क्लार्कने तो डबा हातात घेतला नाही. शिपायाला म्हणाला, "बाहेर ठेव." मग आईला म्हणाला, "तुमच्या भागात शाळा आहे ना? महापालिकेची?" आई त्या शाळेसमोरच्याच एका बंगल्यात धुणंभांडी करायची. क्लार्कने आवाज खाली आणून सुचवलं, बंगलेवाल्यांचा पत्ता लावा, मग बघू. आई म्हणाली, "मी तिथं राहत नाही. मी वस्तीत राहते. तेच लिहा." झालं. मी महापालिकेच्या शाळेत गेले. लाडवांचा डबा आईने जाताना बाहेरच्या बाकावरून उचलला आणि वाटेत आम्ही दोघींनी लाडू खाल्ले. त्या एका पत्त्यासाठी मी आईवर किती वर्षं धुसफुसत राहिले! खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं तिचं, असं वाटायचं.

इथेही तसंच आहे. घराच्या पोस्टकोडवरून शाळेचा भाग ठरतो. त्या भागातल्या मुलांना आधी जागा. उरल्या तर बाहेरच्यांना. बाहेरून अर्ज करायला मनाई नाही. आमच्या भागातली शाळा वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पण माझी मितू अडखळते. संघमित्रा तिचं नाव, आम्ही मितू म्हणतो. घरात मराठी कळतं, बोलते डचच, आणि पहिलं अक्षर तोंडात आलं की तिथेच अडकतं. ओठ थरथरतात, मान ताठ होते, आणि मग ती नादच सोडून देते. परक्या माणसासमोर तर तोंडातून अवाक्षर नाही. नदीपलीकडच्या ह्या शाळेत अशा मुलांना रोज वेगळं घेऊन बसणारी एक शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या शाळेत नाही. सायकलवर नऊ मिनिटं. एवढीच काय ती गोष्ट. मला कुणाची बरोबरी करायची नव्हती. पोरगी बोलायला हवी होती.

दोन दिवसांनी मृणालचा फोन आला. आवाजात साखर.

"अगं, तू रागावली नाहीस ना? मी विचार करत होते. आपल्यातली माणसं त्या फ्लॅट्समध्ये राहतात, मलाच कसंतरी होतं. आमचा पत्ता लाव ना. वरची खोली तुम्हाला दिलीय असं दाखवू. पुण्यात नाही का आपण करत?"

आपल्यातली. आमचं आडनाव असं आहे की ते त्यांच्यातही असतं. गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं. इथे आल्यापासून मृणालने आडनावावरून मनाशी काय ते ठरवून टाकलं होतं, आणि मी ते ठरू दिलं. दिवाळीला तिच्याकडे फराळाला गेले. चैत्रात हळदीकुंकवाला गेले. तिच्या संडासात खिडकीपाशी बुद्धाचं मुंडकं ठेवलंय, बागेच्या दुकानातून आणलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथे दार लावून नुसतीच उभी राहिले. बाहेर येऊन म्हणाले, चकल्या छान झाल्यात.

खोट्या पत्त्याला मी हो म्हटलं. नगरपालिकेला कळलं तर अंगाशी येईल, हे ठाऊक होतं. राहुल म्हणाला, "बघ बाबा." त्याचं नेहमीचं. पण नाही म्हणाला नाही.

शनिवारी दुपारी मृणाल कागद घेऊन यायची होती. सकाळी मी घर आवरलं. भांडी पुसली, सोफ्याची कव्हरं बदलली. मग भिंतीपुढे उभी राहिले. भिंतीवर त्यांचा फोटो. कोट, चष्मा, हातात पुस्तक. कुणाचा ते मराठी माणसाला सांगायला नको. लग्नात आईने दिलेला. विमानात राहुलने मांडीवर धरून आणलेला. मितू त्यांना ओपा म्हणते. डचमध्ये आजोबांना ओपा म्हणतात. रोज झोपायच्या आधी त्यांना हात हलवते. त्यांच्यासमोर तिचा ओपा कधी अडकत नाही.

तो फोटो मी खिळ्यावरून काढला. हॉलमधल्या कपाटात चादरींवर पालथा ठेवला. दार लावलं. खिळा मोकळा दिसायला नको म्हणून त्यावर निळ्या पवनचक्कीची बशी टांगली. मितू जमिनीवर बसून बघत होती.

मृणाल आली. कागद टेबलावर पसरले. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "घर छान ठेवलंयस हं." मी खूश. खरंच खूश झाले, काय सांगू! मग मितू उठली. मृणालपाशी गेली. तिच्या बाहीला धरून कपाटाकडे ओढायला लागली. मान ताठ, ओठ थरथरत होते.

"ओ... ओ... ओपा कपाटात आहे," ती म्हणाली. डचमध्ये. मग एका दमात, "त्याला अंधारात भीती वाटते."

पूर्ण वाक्य. परक्या बाईसमोर. आयुष्यात पहिल्यांदा. ह्याच्यासाठी तर सगळा खटाटोप चालला होता! मी तिला उचलून घ्यायला हवं होतं. नाचायला हवं होतं.

मी ओरडले, "गप्प बस!"

मितूने माझ्याकडे बघितलं. तोवर तिने कपाटाचं दार उघडलं होतं. फोटो तिने दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला आणि मृणालच्या मांडीला टेकवून उभा केला. मृणालने तो पाहिला. मग मला पाहिलं. मांडी जराशी मागे घेतली. जराशीच. फोटो सरकला, मी तो पडता पडता धरला.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही... बोलला नाहीत कधी."

एवढी वर्षं 'तू' होते. एका क्षणात 'तुम्ही' झाले.

ती आणखी पाचेक मिनिटं बसली. पावसाविषयी बोलली. चहाला हात लावला नाही. कागद गोळा करत म्हणाली, "पत्त्याचं जरा ह्यांना विचारते हं. रिस्की असतं ना ते." दारात बूट घालताना मितूकडे बघून हसली. मितू माझ्या पायामागे.

संध्याकाळी मेसेज आला. "सॉरी, नाही जमणार. पण खरं सांगू? तुमच्या भागातल्या शाळेत तुमच्यासारखी मुलं असतील. मितूला तिथेच बरं वाटेल." पुढे एक हात जोडलेली बाहुली.

तिच्या संडासात बुद्ध चालतो. माझ्या घरातले ओपा चालत नाहीत. पण तिच्यावर काय चिडायचं? तिने तर माझी मदतच करायला घेतली होती, मी तिच्यातली आहे असं समजून. मी काय केलं ते बघा. फोटो पालथा कुणी घातला? मी. कपाटाचं दार कुणी लावलं? मी. आणि ज्या पोरीला बोलतं करायला निघाले तिला गप्प कुणी केलं?

रविवारी आईला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं होतं धीर देईल. ती म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे कुणी शिकवलं गं तुला? मी तर नाही शिकवलं."

मला रडू फुटलं. तिने रडू दिलं. समजूत घातली नाही.

फोन ठेवला. पवनचक्कीची बशी खाली उतरवली. जुना खिळा हलत होता. राहुलने हातोडी आणली, नवा खिळा काढून दिला. म्हणाला, "आणताना मांडीवर धरला होता गं मी. काढताना मीही गप्पच बसलो." मी खिळा ठोकला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छतावर काठी आपटली. रविवारी इथे हातोडी चालवायची नसते. मी आणखी दोन घाव घातले.

त्याच दिवशी अर्ज भरला. आमचा पत्ता, आमचा पोस्टकोड. ह्या शाळेत का यायचंय, असा रकाना होता. लिहिलं, माझी मुलगी अडखळते, तुमच्याकडे तिच्यासाठी शिक्षिका आहे, आमच्या भागात नाही. डच माझं मीच लिहिलं. चुका असतील. असू देत.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. जागा भागातल्या मुलांनी भरल्या. आपल्या भागात चांगली शाळा आहे. मितूला आमच्याच भागातल्या शाळेत घातलं. आता तिला तिथे जाऊन पाच महिने झाले. वर्गात ती अजून एकही शब्द बोललेली नाही. बाई म्हणतात, शांत मुलगी आहे. शांत नाही हो ती. तिला तिच्या आईने गप्प केलंय. फोटोला हात हलवते, पण आता ओपा म्हणत नाही. ही गोष्ट मी कुठल्या तोंडाने कुणाला सांगू?

तरी सांगते आहे. कारण न सांगून काय होतं ते बघितलं.

त्या उत्तराविरुद्ध मी हरकत घेतली आहे. पुढच्या महिन्यात मला बोलवलंय, समितीसमोर. मृणालही तिथे असेल, पालक मंडळातर्फे. मितूला बरोबर नेणार आहे. डब्यात वड्याही नेणार आहे, आणि तो डबा टेबलावर ठेवणार आहे. कुणी खाली ठेवला तर उचलून परत वर ठेवणार. पत्ता विचारतील, मी फ्लॅटचा सांगेन. मग त्यांनी न विचारलेलंही सांगेन, मी कुठल्या वस्तीतली, कुणाची, माझ्या भिंतीवर कोण आहे. डचमध्ये सांगेन आणि मृणालसाठी पुन्हा मराठीत सांगेन. जागा मिळेल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करेन. त्याच्याही पुढच्या वर्षी.

त्यांना दार लावायचं तर त्यांनी त्यांच्या हाताने लावावं, माझ्या तोंडावर, मितू बघत असताना. कपाटाचं दार मी पुन्हा लावणार नाही.