पटाकडे पाठ

बैल सुटले की माळावरची सगळी माणसं तिकडे तोंड करून ओरडायची, आणि यशोदाकाकू एकट्या पाठ फिरवून उभ्या राहायच्या. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, जवळ आला की सकाळी सकाळी तिथं जोड्यांचा सराव चाले. कुणाचे बैल कसे तयार झालेत ते जोखायला गावोगावचे शौकीन जमत. धूळ उडे, शिट्ट्या पडत, काकू मात्र पदर खोचून लिंबाकडे बघत. जोडी धावून झाली, चालत परत यायला लागली, की मगच त्या वळत. "पळतानी समदेच बैल चांगले दिसतेत. परत येतानी पाह्य, मंग कळतंय," असं त्यांचं म्हणणं.

बैलाचा दम किती लवकर बसतो, मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो की अलीकडे, मालकानं हाक मारल्यावर कान फिरतो की नाही, हे त्या बघत. आणि कुणी विचारो न विचारो, मोठ्यानं सांगत. त्यामुळे त्या फार लोकांना आवडत नसत. त्यातून बाईमाणूस. बाई पटावर आली की बैल बिचकतो, असं एका म्हाताऱ्या शौकिनानं त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. "बैलाचं मी पाह्यते, तुम्ही बिचकू नका म्हंजे झालं," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून रोज मुद्दाम त्याच्याच शेजारी जाऊन उभ्या राहू लागल्या.

आमचं आणि त्यांचं घर शेजारी, मधे काट्यांचं कुंपण. त्यांच्या ओसरीत बाबासाहेबांची तसबीर, आमच्या ओसरीत राजूरचा गणपती. बैलजोडी मात्र दोन्ही घरांची मिळून एकच: आमचा राजा, त्यांचा सोन्या. काका वारले तेव्हा सोन्या लहान खोंड होता. विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणूनच बहुधा काकूंनी तो ठेवला. पुढे पटावरची बंदी उठली आणि माझा मोठा भाऊ भास्करदादा या जोडीच्या नादानं खुळावला. त्या वर्षीच्या मोठ्या पटात जोडी उतरवायची, यापलीकडे त्याला काही दिसेना.

पटाच्या आदल्या सकाळी जोडी अशी धावली की लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. काकू वळल्या. सोन्या चालत आला आणि त्यांच्यापाशी थांबला. त्यांनी त्याच्या बरगडीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"भास्कर, दम बसलाय, पण आतून कापून राह्यलाय. उद्या सोन्या पळनार न्हाई."

दादाला आधी थट्टा वाटली. मग त्यानं जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टरांनी ताप पाहिला, पाय दाबून पाहिले, त्यांना काही सापडलं नाही. काकूंनी त्यांना चहा पाजला, आभार मानले, आणि आपलं म्हणणं तसंच ठेवलं. दादानं विनवण्या केल्या, चिडून पाहिलं, वर्षभराच्या मेहनतीची आठवण करून दिली. मेहनत तुझी खरी, पण बैल माझा, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

तरी दुसऱ्या दिवशी दादा दोन्ही बैल घेऊन पटावर गेलाच. एवढ्या लोकांपुढे काकू आडव्या येणार नाहीत, असं त्याला वाटलं. शेजारी राहूनही त्यानं काकूंना ओळखलं नव्हतं. भोंग्यावर जोडीचं नाव पुकारलं, छकडा रेषेवर आला, आणि काकू गर्दीतून वाट काढत आत शिरल्या. त्यांनी सोन्याला जुवातून सोडवलं आणि कासरा हातात घेतला. कडेनं निघून जाता आलं असतं. पण त्या पटाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बैलाच्या चालीनं चालत गेल्या. काकू भ्याल्या बरं का, असं भोंगेवाला म्हणाला. लोक हसले. काकू थांबल्या आणि मंचाकडे वळल्या.

"व्हय, भ्याले. माझ्या बैलासाठी भ्याले. तुमची काय हरकत हाय?"

मागे रेषेवर दादा एकट्या राजाला धरून मान खाली घालून उभा होता. मला त्याची कीव आली आणि काकूंचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

आता वाचणाऱ्याला वाटेल, त्याच संध्याकाळी सोन्यानं अंग टाकलं आणि काकू खऱ्या ठरल्या. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सोन्या पेंड खाऊन खुंट्याला शिंगं घासत होता. गाव हसलं. दादानं काकूंशी बोलणं टाकलं. काकूंनी कुणापुढे खुलासा केला नाही. उलट सोन्याला पाण्यावर नेताना त्या हसणाऱ्यांच्या पारावरूनच जायच्या. त्या बरोबर होत्या की नाही, हे मलाही आजवर माहीत नाही.

काकू आता नाहीत. पण त्या पटानंतरच्या पोळ्याची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दादा राजाला सजवत होता. कुंपणापलीकडे काकू सोन्याच्या शिंगांना रंग देत होत्या. दादाला राहवलं नाही. अबोला मोडून तो म्हणाला, "काकू, आता तरी कबूल करा. तुमचं चुकलं व्हतं."

काकूंचा हात थांबला नाही.

"चुकलं असंल. मी बराबर व्हते हे तुला पटायला सोन्या पटावर मरायला पायजे व्हता. तेवढं बराबर मला व्हायचं न्हाई, भास्कर."