मास्तरांनी खांद्यावर नेलेलं जू

आमच्या संस्कृतच्या मास्तरांइतका विद्वान माणूस सौसर तहसिलीत झाला नाही, आणि विद्येनं इतकं वाटोळंही दुसऱ्या कुणाचं केलं नाही. शब्दांची नाती जुळवायचं त्यांना वेडच होतं. बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात माझी बंडी थांबवून ते बैलांच्या मानेवरच्या जुवावर हात ठेवायचे. "अरे, आपलं जू, हिंदीवाल्याचं जुआ, संस्कृतातलं युग, इंग्रजाचं योक, रोमन लोकायचं युगुम! सारे एका आज्याचे नातू हायेत." त्या आज्याचं नाव म्हणे 'युगोम'. तो कुणी ऐकला नाही, कुठं लिहिलेला नाही. पंडितांनी नातवांच्या तोंडावळ्यावरून तर्कानं उभा केला, म्हणून लिहिताना त्याच्या डोक्याशी चांदणी काढतात. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की माझ्या बैलांनाही पाठ झालं असावं. "मास्तर, आजा गेला मरून, माझा बाजार उठून राह्यला ना जी!" मी कळवळायचो.

मग राज्यांची फेरमांडणी निघाली. आमचा मराठी मुलूख नागपुरापासून तुटणार, अशी हवा उठली. पांढुर्ण्याला सरकारचे कुणी साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होते. बोलायला मास्तरांशिवाय होतं कोण? "एवढंच सांगा जी, आमी मराठी बोलतो, आमाले नागपुरासंगं राहू द्या," असं साऱ्यांनी त्यांना बजावलं. मास्तर निघाले ते माझ्या बंडीचं जू खांद्यावर घेऊन! ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर आडवं ठेवलं आणि मिळालेला सगळा वेळ त्या आज्याच्या खानदानात घालवला. साहेब असे रंगले की चहा मागवला. शेवटी हसून म्हणाले, "मास्टरजी, जब सब एक ही परिवार के हैं, तो हिंदीवालों से अलग होने की क्या ज़रूरत?"

मास्तरांनी जू उचलून पुन्हा खांद्यावर घेतलं. पुढच्या गावचे लोक दारात उभेच होते.

नागपूर सुटलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. एका माणसाच्या बोलण्यानं सीमा ठरत नाहीत, हे मी त्यांना शंभरदा समजावलं. "मीच घालवलं रे बाप्पा," एवढंच ते म्हणायचे. पुन्हा कुठल्या शब्दाचं नातं त्यांनी सांगितलं नाही. दरवर्षी शाळा उघडली की फाटकाशी उभे राहून आयाबापांपुढे हात जोडायचे, "मराठी वर्गात टाका ना पोराले." त्या वर्गात आधी दहा पोरं उरली, मग पाच.

सांगायला लाज वाटते, पण नोकरी हिंदीतच मिळेल म्हणून मीही माझ्या मुलीला हिंदी वर्गात घालायला नेलं. फाटकाशी मास्तर होतेच. माझा चेहरा पाहून ते समजले. माझ्यापुढे त्यांनी हात जोडले नाहीत. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "चांगली शिक माय," आणि बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.