स्वयंपाकघराच्या दारावरची पाटी

डबघाईला आलेली लॉज आणि खानावळी सावरून द्यायचा माझा धंदा होता. धंदा कसला, पुण्यातल्या एका हॉटेलात काही वर्षं काउंटर सांभाळला होता, त्या अकलेवर जुन्नर-आंबेगावात हिंडत होतो. जुन्नरच्या लॉजवाल्याला सांगायचं, चादरी पांढऱ्या घाल. कळंबच्या खानावळवाल्याला सांगायचं, रस्त्यावरून दिसेल असा दिवा लाव. दिवसभर लोकांच्या रिकाम्या खोल्या कशा भरतील ते सांगायचं आणि मंचरला येऊन आपल्या भाड्याच्या खोलीचं कुलूप आपणच उघडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. डिंभ्याला, भीमाशंकरच्या रस्त्यावर, एका वयस्क नवरा-बायकोनं घरालाच चार खोल्या जोडून लॉज काढलं होतं. ते चाललं नाही तर घराला टाळं लावून मुलाकडं भोसरीला जायचं, असं ठरलेलं. मालक काही बोलत नसत. मावशी मात्र स्पष्ट बोलल्या, "सुनंच्या सैपाकाच्या वट्ट्यापाशी मी परक्यावानी उभी ऱ्हाऊ का? कायबी करा भाऊ, पन हे चालवून द्या."

लॉज का चालत नाही ते मला पहिल्याच मुक्कामात कळलं. आलेल्या माणसाला मावशी सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसवत, समोर बसून मासवडी वाढत आणि विचारत. कोण गावचं, पोरं किती, आई-बाप कोणापाशी. शहरातली माणसं अवघडून जायची. मला मात्र ते फार आवडायचं. मी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "आन्याची आई कशी हाय?" माझी आई तिकडं आमच्या गावी, आण्याच्या पठारावर, एकटीच राहायची. दुसरा प्रश्न लग्नाचा. मुलगी बघतोय, असं मी सांगायचो. "किती वर्सं बघताय? डोळं दुखतील की," असं म्हणून त्या ताटात आणखी एक वडी टाकायच्या. काम नसतानाही मी डिंभ्याची एसटी धरायचो, ते या प्रश्नांसाठी.

एकदा मी तिथं असतानाच मुंबईचं एक जोडपं तीन दिवसांसाठी आलं. मावशींनी बाईंना विचारलं, लग्नाला किती वर्सं झाली. नऊ, त्या म्हणाल्या. "मंग पोरं?" बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मावशींना वाटलं, आपण मदत करावी. त्यांनी नवस सांगितला, वैद्य सांगितला. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते जोडपं निघून गेलं.

"मी काय वंगाळ बोलले, भाऊ?" मावशींनी मला विचारलं.

मी भडकलो. म्हणालो, "पाहुणा वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं. गिऱ्हाइकाला वाढायचं, विचारायचं नाही." पडवीत टेबल-खुर्च्या मांडायला लावल्या. लाल ऑइलपेंट आणून माझ्या हातानं पाटी रंगवली, 'स्वयंपाकघरात प्रवेश नाही', आणि दारावर ठोकली. दोन दिवस मावशी माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पण लॉज चाललं. चाराच्या आठ खोल्या झाल्या. श्रावणात आणि महाशिवरात्रीला जागा मिळेना. भोसरीचं नाव निघायचं बंद झालं. सावरलेलं लॉज मला बोलवत नाही, हा या धंद्यातला तोटा. माझं जाणं सुटलं.

पाच-सहा वर्षांनी माझी आई गेली. दिवसकार्य उरकून आण्याच्या घराला कुलूप लावलं आणि मंचरला आलो. पंधरा दिवस तिथं राहिलो. माझं भादरलेलं डोकं सगळ्यांना दिसत होतं, विचारलं कुणीच नाही. शेवटी एका बुधवारी मी डिंभ्याची गाडी धरली.

लॉजवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मला पडवीतल्या टेबलाशी बसवलं. दाराआड मालक जेवत होते, त्यांचं आणि मावशींचं बोलणं ऐकू येत होतं. मलाही आतच वाढा, एवढं म्हणायचं होतं. समोर पाटी होती, अक्षर माझं होतं.

मावशी ताट घेऊन आल्या. मासवडी होती. मी घास उचलला. त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या खुंटांकडं गेली आणि तिथंच थांबली. तोंड उघडलं. मी हातातला घास धरून वाट बघत राहिलो.

त्यांनी तोंड मिटलं. पदर सारखा केला.

"भाकरी आनू?"

"आणा," मी म्हणालो.

त्यांनी भाकरी आणून ताटात ठेवली आणि मी शिकवलं होतं तशा दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. आई गेली, एवढंच सांगायचं होतं. न विचारता मला ते सांगता आलं नाही.