न वाकवलेला बाण

रसिक मायबाप हो, शांतता राखा. लेकरांना मांडीवर घ्या, शेंगदाण्याची पुडी क्षणभर बाजूला ठेवा. समस्त मानवजातीच्या हितासाठी मी आज एक अत्यंत गंभीर घोषणा करतो आहे. ती अशी: धामण नावाच्या झाडाची काडी एका टोकाला निमुळती करताना रंधा अडकला आणि काडीची ढलपी उडाली, तर ती काडी चुलीत घालावी. चिकटवू नये. रंगवू नये. आणि तिच्यावर लाल दोरा तर मुळीच गुंडाळू नये.

झाली घोषणा. आता ती करायची पाळी माझ्यावर का आली, ते ऐका.

मी झाडीपट्टीतला नाटकवाला. गेली कित्येक वर्षं खलनायक करतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत मी गावोगाव लोकांना घाबरवत फिरतो. घाबरवणं हा माझा धंदा. घाबरणं हे नायिकेच्या बापाचं काम. म्हणूनच खरी भीती आली तेव्हा तिचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

एका नाटकात मला धनुष्यबाण घेऊन प्रवेश करायचा होता. कंपनीनं दिलेला बाण म्हणजे पडद्याची जुनी काठी आणि तिला पुठ्ठ्याचं टोक. आरमोरीकडच्या एका प्रयोगात मी गरजत गरजत तो ताणला आणि पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "अबे, यानं तं चिमणीबी नाई मरणार!" सगळा मंडप हसला. खलनायकाला लोकांनी हसावं यापेक्षा मोठा अपमान नाही. त्याच पावसाळ्यात मी खरा बाण शिकायला निघालो.

गडचिरोलीच्या बाजूला, जंगलाला टेकलेल्या एका गावात धनुष्य करणारे एक म्हातारे होते. गाव त्यांना भाऊ म्हणे, मीही म्हणू लागलो. घरात त्यांचं बोलणं गोंडीत चाले. माझ्याशी मराठीत बोलत, आणि टोमणेही मराठीतच मारत, म्हणजे मला नीट लागावेत. शिकार कधीचीच बंद. आता त्यांचे बाण तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, भाऱ्यावरच चालत, पण ते घडवण्यात कसर नसे.

बांबूचे बाण सगळेच करतात. भाऊंच्या घरात धामणीचे होत. लाकूड कापायचं नाही, फाडायचं. रेषेरेषेनं ते स्वतःच सरळ फाटतं. मग एका सागाच्या फळीत पाडलेल्या चरात ती काडी ठेवायची. चर एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ. काडीवरून रंधा फिरवायचा, काडी जरा वळवायची, पुन्हा रंधा, पुन्हा वळवायची. चर उथळ होत जातो तिथं काडी वर येते आणि रंधा तिला जास्त खातो. अशी ती दोरीकडच्या टोकाला वीतभर निमुळती होत जाते. शेवटी फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत.

"जोर नोको लावू," भाऊ म्हणत. "तू काय स्टेजवर आहेस? लाकडाले आयकू येते."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला डावा हात दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी जाड पांढरा वण होता आणि अंगठा वाकत नव्हता. निमुळत्या जागी लाकडाची रेषा कापली गेलेली असली, तर दोरी सुटताच बाण तिथंच मोडतो. मागचा तुकडा तर सुटलेलाच असतो. तो धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

"दुसऱ्याचा बाण होता," भाऊ म्हणाले. "म्या इचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई."

तेव्हापासून त्यांच्या घरी एक रीत होती. ज्यानं बाण केला त्यानंच तो कानाशी धरून वाकवायचा आणि आत काही कुरकुरतं का ते ऐकायचं. बाण मारणाऱ्यानं फक्त विचारायचं, "वाकवला का?" करणाऱ्यानं सांगायचं, "वाकवला." मग मारणाऱ्यानं पुन्हा तपासायचं नाही. तपासला तर तो करणाऱ्याचा अपमान.

मी सहा काड्या केल्या. पाच सुरेख झाल्या. एकीला, नेमक्या निमुळत्या जागी, रंधा एका गाठीत अडकला. मी जोर लावला. नखाएवढी ढलपी उडाली.

आता इथं भाऊंचा खरा शिष्य असता तर त्यानं काडी चुलीत घातली असती. पण मी नाटकवाला. आमच्याकडे मोडलेली गदा, फाटलेला मुकुट, दुभंगलेलं सिंहासन, सगळं चिकटवून रंगवून उभं राहतं. मी खिशातली डिंकाची नळी काढली, ढलपी बसवली, वर लाल दोरा घट्ट गुंडाळला, त्यावर लाखेचा हात दिला. इतका देखणा दिसू लागला तो बाण, की बाकीचे पाच त्याच्यापुढे गरीब वाटले. म्हणून मी त्या पाचांनाही अगदी त्याच जागी लाल दोरा गुंडाळला. सहाही सारखे. एका कंपनीचे नट जसे.

पाच वाकवले. तो एक नाही वाकवला. मोडेल असं वाटलं. शिवाय नाटकात तो सोडायचा थोडाच होता? नुसता ताणायचा. पिसं आणि टोकं बसवायला सहाही बाण भाऊंकडे ठेवून मी घरी आलो आणि विसरलो.

दिवाळीच्या आधी त्या गावात बाणांची शर्यत होते. भाऊंचा निरोप आला: शर्यतीला ये, तुझे बाण घेऊन जा. मी गेलो, इस्त्रीचा सदरा घालून. भर दुपार, गावाबाहेरचं मैदान, बाजूला उभं धान. पंचवीस पावलांवर तणसाचा भारा. कडेला एका बाजेवर भाऊंची थोरली बहीण पाय खाली सोडून बसलेली, गुडघेदुखीमुळे मांडीही न घालणारी.

भाऊंची मुलगी शर्यतीत होती. चाळिशीची बाई, गावात शिलाई मशीन चालवते, आसपासच्या शाळांचे गणवेश तिच्याच हातचे. मी तिला हसून रामराम केला आणि तिच्या हाताकडे बघून माझं हसू तिथंच राहिलं. तिच्या हातात लाल दोऱ्याचे सहा बाण होते.

"हिच्या बाणांची पिसं घुशीनं खाल्ली," भाऊ आनंदानं म्हणाले. "म्या म्हणलं, आपल्या नाटकवाल्याचे आहेत ना!" मग त्यांनी गावाकडे वळून सांगितलं की हा माझा चेला, आणि मुलीला खूण केली.

तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "वाकवले का?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आणि माझ्यासमोर प्रेक्षक असले की मला काय होतं ते मलाच माहीत. छाती पुढे आली, आवाज पोटातून निघाला.

"वाकवले!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मला भाऊंचा अंगठा आठवला.

पहिला बाण तिनं लावला. सहांतला कोणता, मलाही कळत नव्हतं. इतके सारखे सजवले होते मी. दोरी गालापर्यंत आली. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो. त्याच हातानं ती मशीनखाली कापड सरकवते. सण्ण! बाण भाऱ्यात.

दुसरा. सण्ण! भाऱ्यात.

मला वाटलं, बेशुद्ध पडावं. पण स्टेजवर मी इतक्या वेळा खोटा पडलोय, की या भागात कुणी पाणीसुद्धा आणलं नसतं. तिसरा बाण तिनं उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "साप! साप! धानात साप!"

एकच धावपळ. लोकांनी काठ्या घेऊन बांध झोडपला. भाऊंच्या बहिणीनं गुडघेदुखी विसरून दोन्ही पाय बाजेवर घेतले. मला वाटलं, शर्यत मोडली. पण पाच मिनिटांत माणसं परतली. "गेला असन कुठी," कुणीतरी म्हणालं आणि तिनं शांतपणे तिसरा बाण लावला.

सण्ण.

चौथा. सण्ण.

गणित सोपं होतं आणि म्हणूनच भयानक. नीट गेलेला प्रत्येक बाण मला वाचवत नव्हता, जवळ ढकलत होता. पाचव्याला माझे गुडघे खरोखर एकमेकांवर आपटले. हे नाटकात मी दहा प्रकारे करतो. खरं होतं तेव्हा आवाज येत नाही. पाचवा सुटला, भाऱ्याच्या अगदी मध्ये रुतला. गाव ओरडलं. ती सगळ्यांच्या पुढे होती.

तिच्या हातात एक बाण उरला. आता मला नक्की माहीत होतं तो कोणता.

तिनं खाच दोरीवर बसवली. धनुष्य वर गेलं. मी धावलो, आणि माझा तो पोटातला आवाज कुठं गेला देव जाणे. शाळेत छडी खाताना निघायचा तसला बारीक आवाज निघाला.

"नोको मारू, ताई! तो नाई वाकवला! एक नाई वाकवला म्या!"

दोरी हळूहळू सैल झाली. तिनं बाण खाली घेतला, लाल दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाण भाऊंकडे दिला. भाऊंनी तो माझ्यापुढे धरला.

"वाकव."

मी बाण कानाशी धरला. वाकवला. फार नाही, जरासाच. कट्. माझ्या कानाजवळ दोन तुकडे झाले आणि मधे तो लाल दोरा तेवढा लोंबत राहिला. भाऊंचा न वाकणारा अंगठा त्यांच्या दुसऱ्या मुठीत गेला.

शर्यत सुरू झाल्यावर बाण बदलायची तिथं मुभा नाही. पाच बाणांवर ती दुसरी आली. पहिली आली असती, हे गावातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

"शिवण बरी जमते तुमाले," ती एवढंच म्हणाली आणि धनुष्याची दोरी उतरवू लागली.

भाऊ जमिनीकडे बघत होते. मी हातात दोन तुकडे घेऊन उभा, आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांकडे पाठ करून. इतकी शांतता मला कुठल्याही मंडपात मिळाली नव्हती. त्या शांततेत बाजेवरून भाऊंच्या बहिणीचा आवाज आला. दोन्ही गुडघे छातीशी धरून ती मघापासून तशीच अवघडून बसली होती.

"काऊन रे नाटकवाल्या, मंग तो सापबी खोटाच का? सोडू का म्या पाय खाली?"